ओझ्याचा मुलूख

अशा सहलींचा पहिला नियम एकच: सकाळी नाश्त्याला जाण्यापूर्वी बॅग खोलीबाहेर ठेवायची. बाकी सगळं चालून जातं. बूट ओले असले तरी, गुडघा कुरकुरत असला तरी, आदल्या रात्रीची वाईन पुरती उतरली नसली तरी. बॅगा मात्र वेळेत व्हॅनमध्ये चढल्याच पाहिजेत, कारण त्या डांबरी रस्त्याने वळसे घेत पुढच्या मुक्कामी जाणार आणि आपण पायवाटेने. पाठीवर उरतं ते काय? पाण्याची बाटली, विंडचीटर आणि गाइडने हातावर ठेवलेली चार सुकी अंजिरं.

पोर्तुगालच्या उत्तरेला दोरो नदीच्या खोऱ्यात अशा पायी सहली आता बऱ्याच कंपन्या काढतात. दहा-बारा माणसं, एक स्थानिक गाइड, रोज बारा ते सोळा किलोमीटरची चाल, चारपाचशे मीटरचा चढउतार आणि संध्याकाळी द्राक्षमळ्यातल्याच एखाद्या घरात मुक्काम. मळा आणि त्यातलं घर, दोन्ही मिळून तिथे ‘किंता’ म्हणतात. नदी उगम पावते स्पेनमध्ये. जवळजवळ नऊशे किलोमीटर वाहून ती पोर्तो शहरापाशी अटलांटिकला मिळते. त्याआधीच्या डोंगरकपारींत पोर्ट वाईनची द्राक्षं पिकतात. पश्चिमेला मारांवचा डोंगर समुद्रावरून येणारे ढग अडवून धरतो. त्यामुळे रेगुआ गावाच्या बाजूला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस स्पेनच्या हद्दीकडे जाता जाता चारशेवर येतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असं तिथलीच माणसं आपल्या हवेबद्दल म्हणतात. म्हणून चालणाऱ्यांचे हंगाम दोनच, एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. आम्ही गेलो तो सप्टेंबर, म्हणजे ऐन तोडणीचा महिना.

सामान गाडीने आणि माणसं पायी, यात वारी केलेल्याला नवल वाटायचं कारण नाही. दिंडीचा ट्रक तंबू, भांडी आणि वळकट्या घेऊन पुढे जातो, माणसं टाळ वाजवत मागून पोचतात. पण सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरला हे पचत नाही. आमच्या गटात पुण्याचे एक काका होते, साठी उलटलेले. राजगड-तोरणा म्हणजे त्यांचं माहेर. आपली सॅक दुसऱ्याने वाहून न्यायची ही कल्पनाच त्यांना कमीपणाची वाटत होती. पहिल्या दिवशी त्यांनी व्हॅनवाल्याला हाताने ‘नको’ करून दहा-बारा किलोचं धूड पाठीवर घेतलं. दुपारी गालाफुरा गावाजवळच्या चढावर त्यांचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सॅक सगळ्यांच्या आधी दाराबाहेर होती. यावर कोणी काही बोललं नाही, अगदी त्यांच्या बायकोनेही नाही, आणि हे मला विशेष वाटलं.

गाइड लागतोच का, असा प्रश्न परत आल्यावर मला अनेकांनी विचारला. पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या खुणा केलेल्या छोट्या वाटा तिथे आहेत, लांब पल्ल्याच्या वाटांना पांढऱ्या-तांबड्या खुणा असतात, फोनवर नकाशे मिळतात. वाट सापडायला गाइड लागत नाही. पण इथल्या वाटा बहुतेक खासगी मळ्यांतून जातात. कुठलं फाटक नुसतं लोटायचं, कुठल्या घराशी थांबून दोन शब्द बोलायचे, कुठल्या म्हातारीच्या कुत्र्याला नावाने हाक मारायची, हे नकाशात नसतं. आमची गाइड याच खोऱ्यात वाढलेली, चाळिशीची बाई. पोर्तोत शिकून, काही वर्षं तिथे नोकरी करून परत आलेली. तिच्या वडिलांचा जेमतेम दोन हेक्टरचा मळा. त्याच्याबद्दल पुढे.

चालायला लागलं की आधी पायांना दगड कळतो. इथला खडक शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचा. थर बरेच ठिकाणी उभे असल्याने कुदळीचा घाव बरोबर बसला तर तो फळीसारखा सुटतो. त्याच फटींतून वेलाची मुळं कित्येक मीटर खाली पाण्याच्या शोधात जातात. माती म्हणावी अशी जवळजवळ नाहीच. आज जिला माती म्हणतात ती माणसांनी खडक फोडून तयार केली. दिवसभर तापलेला हा दगड रात्री ऊब सोडत राहतो, संध्याकाळी भिंतीला पाठ टेकली की ते अंगाला समजतं.

भिंती म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय रचलेले गडगे. कोकणातल्या माणसाने पाहावेत असे. एकावर एक, डोंगराच्या माथ्यापर्यंत. एका गडग्याजवळ गाइडने आम्हांला थांबवून नुसतं बघायला सांगितलं. खाली मोठे चिरे, आतल्या बाजूला किंचित कललेले. मधल्या पोकळीत मुठीएवढे तुकडे इतके गच्च भरलेले की बोट शिरत नाही. पाणी झिरपून जावं पण माती जाऊ नये, एवढाच हेतू. मध्येच भिंतीतून बाहेर आलेले चार-पाच लांब दगड, तिरपे, एकावर एक. वरच्या पायरीवर जायचा तो जिना. एक पाऊल मावेल एवढाच. आम्ही मोकळ्या हातांनी, भिंतीला धरून चढलो. पूर्वी तिथून माणसं भरली टोपली घेऊन उतरत.

हे गडगे घालायला मजूर मोठ्या संख्येने आले ते स्पेनमधल्या गालिसियाहून. त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. मळ्यांच्या मालकांची मात्र फाटकावर, बाटलीवर, डोंगरावर पांढऱ्या रंगात पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेली आहेत. नदीतून बोटीने जाताना तीच दिसतात. चालताना निदान त्या निनावी माणसांच्या हातचं काम पायाखाली येतं.

काही उतारांवर गडगे आहेत पण वेल नाहीत. नुसतं झुडूप, मध्ये एखादं ऑलिव्हचं झाड. 1860च्या दशकात अमेरिकेतून आलेली फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड या खोऱ्यात शिरली आणि वेल उभे वाळले. पुढे अमेरिकी खुंटावर इथल्या वाणांची कलमं बांधून मळे पुन्हा उभे राहिले, पण सगळे नाही. ज्यांच्यात पुन्हा पैसा घालायची ऐपत नव्हती त्यांनी डोंगर सोडून दिला. त्या मेलेल्या पायऱ्या सव्वाशे-दीडशे वर्षं तशाच आहेत. उलट 1970नंतर बुलडोझरने कापलेल्या नव्या पायऱ्यांना भिंतच नाही, नुसता मातीचा उतार. ट्रॅक्टर जावा म्हणून रुंद. युनेस्कोने 2001मध्ये या खोऱ्यातला सुमारे 24,600 हेक्टरचा पट्टा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. जुने गडगे जपायचे म्हटलं की मजुरी परवडत नाही आणि नवे पट्टे पाडायचे म्हटलं की वारसा आडवा येतो. मधल्या मध्ये शेतकरी.

प्रोवेझेंद गावाकडे जाताना वाटेत एक ग्रॅनाइटचा खांब लागला, कमरेएवढा. वरची अक्षरं झिजलेली, तरी ‘फेइतोरिया’ असं वाचता येत होतं. असे तीनशेहून जास्त खांब 1757 ते 1761 या काळात रोवले गेले. त्याच्या आधी, 1 नोव्हेंबर 1755 रोजी, भूकंपाने लिस्बन जमीनदोस्त झालं होतं. ते पुन्हा उभारणारा मंत्री म्हणजे पुढे पोंबालचा मार्किस म्हणून प्रसिद्ध झालेला सेबास्तियांव द कार्व्हाल्यु. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्याला तेव्हा सोळा-सतरा वर्षं झाली होती. आशियातलं एकेक ठाणं हातचं चाललेलं, आणि इंग्लंडला जाणारी वाईन भेसळीने बदनाम झालेली. पोंबालने 1756मध्ये एक सरकारी मक्तेदार कंपनी काढली, कुठल्या हद्दीतली द्राक्षं निर्यातीच्या वाईनला चालतील हे ठरवून दिलं आणि त्या हद्दीवर हे खांब ठोकले. वाईनला गडद रंग यावा म्हणून एल्डरच्या झाडाची काळी फळं मिसळत, तर त्याने ती झाडंच उपटायला लावली. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध 1757मध्ये पोर्तोत दंगा झाला तेव्हा लोकांना फासावर चढवायलाही त्याने मागेपुढे पाहिलं नाही. याच माणसाने 1759मध्ये जेझुइटांना साम्राज्यातून हाकललं, त्याची झळ गोव्यापर्यंत पोचली. आज कुठल्याही पदार्थाला ‘भौगोलिक मानांकन’ मिळालं की आपण पेढे वाटतो. त्या कल्पनेच्या मुळाशी असे खांब आहेत आणि फाशीचे दोरही.

दोन दिवस चालल्यावर एक गोष्ट लक्षात येते. या खोऱ्यात गटाने, म्होरक्यामागून, दिवसचे दिवस पायी चालणारे आपण पहिले नव्हेत. तोडणीच्या हंगामात वरच्या डोंगराळ, गरीब गावांतून मजुरांच्या टोळ्या उतरत. टोळीला ‘रोगा’ म्हणत. टोळीचा एक मुकादम असे. तो गावोगाव फिरून माणसं ठरवी, किंताच्या मालकाशी मजुरीचं बोलणं करी आणि बायाबापड्या, पोरंटोरं, ढोल, अकॉर्डियन असा सगळा लवाजमा घेऊन डोंगर उतरे. वाजतगाजत येत म्हणून परदेशी चित्रकारांना आणि नंतर फोटोवाल्यांना ते फार आवडे. वाजंत्री खरी होती, पण वाटेत चालणाऱ्यांचं मन रमावं एवढाच तिचा उपयोग होता.

मुक्कामाला त्यांना ‘कार्देन्यु’ मिळे. एक लांब खोली, गवताचा बिछाना, पुरुष इकडे, बाया तिकडे. आमचा एक मुक्काम अशाच जुन्या कार्देन्युमध्ये होता. आता त्याच्या चार खोल्या केल्यात. दगडी भिंत मुद्दाम उघडी ठेवली आहे, पांढऱ्याशुभ्र चादरी, न्हाणीघरात लव्हेंडरचा साबण. खिडकी एकच आणि ती बरीच उंचावर, कारण मजुरांना बाहेरचं दृश्य दाखवायची कोणाला गरज वाटली नव्हती. ती तशीच ठेवली होती, एवढं प्रामाणिकपणाचं म्हणायचं.

टोळीत कामाची वाटणी ठरलेली. बाया घड कापणार, पुरुष वाहणार. उंच, निमुळत्या टोपलीत पन्नास-साठ किलो द्राक्षं. मानेमागे गादी, टोपली धरून ठेवायला लोखंडी आकडा, आणि एकामागे एक अशी पुरुषांची रांग त्या एका पावलाच्या जिन्यांवरून खाली. दिवसातून अनेक खेपा. पिन्यांव गावाच्या छोट्या रेल्वे स्टेशनवर हे सगळं निळ्या फरशांवर रंगवलेलं आहे. 1937मध्ये लावलेली चोवीस चित्रं. गाडीला वेळ होता म्हणून मी फलाटाच्या बाजूने एकेक पाहत गेलो. वाहणाऱ्यांच्या चित्रात टोपल्यांची वीण काडीन् काडी दिसते. बायांच्या डोक्यावरचे रुमाल, घागऱ्यांच्या चुण्या सगळं नीटस आहे. माणसांच्या माना मात्र चित्रकाराने ताठ काढल्या आहेत. इतकं वजन मानेवर असताना मान ताठ राहत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलेलं रेल्वेला चाललं नसावं.

दिवसभर वाहून झालं की रात्री तुडवणं. ‘लागार’ म्हणजे ग्रॅनाइटचं उथळ, चौकोनी टाकं. त्यात मांडीपर्यंत द्राक्षं. पहिले दोनेक तास खांद्याला खांदा लावून रांगेने, मुकादमाच्या तालावर डावा-उजवा, डावा-उजवा, संथ. यात बोलायचं नाही. सगळा लगदा सारखा फुटला की मग मोकळीक. तेव्हा अकॉर्डियन सुरू होतं आणि टाक्यातच नाच. माणसाच्या पायाने साल फुटते पण बी फुटत नाही, म्हणून वाईनला कडसरपणा येत नाही. आता बहुतेक ठिकाणी हे काम यंत्रं करतात. काही नामांकित किंतांत निवडक मालासाठी अजून पाय वापरतात. आम्हांलाही एका संध्याकाळी टाक्यात उतरवलं. सुरुवातीला रस इतका गार की पोटऱ्या आखडतात, मग आंबण्याच्या उष्णतेने हळूहळू कोमट लागतो. तळाशी देठं टोचतात. दहा मिनिटांत मजा संपते आणि काम सुरू होतं. आम्ही अर्थात तेव्हाच बाहेर आलो. पाय धुऊन जेवायला.

रस अर्धाअधिक आंबला की त्यात द्राक्षांचंच जालीम स्पिरिट ओततात, 77 टक्के अल्कोहोलचं. साधारण 435 लिटर वाईनला 115 लिटर, म्हणजे एक ‘पीपा’ भरतो, 550 लिटरचा. आंबणं तिथेच थांबतं, साखर उरते, आणि गोड, कडक, वीस टक्क्यांच्या आसपासची पोर्ट तयार होते. गोव्यातल्या दुकानांत ‘पोर्ट वाईन’ म्हणून जी स्वस्त बाटली मिळते तिच्यात आणि हिच्यात गोडवा आणि नाव एवढंच सारखं आहे.

या मजुरांवर मिगेल तोर्गा या लेखकाने 1945मध्ये ‘विंदिमा’ ही कादंबरी लिहिली. पेशाने डॉक्टर, जन्म इथल्याच साब्रोझा तालुक्यातल्या एका गावात, 1907 साली, गरिबाघरी. गालाफुराजवळ ज्या सांव लिओनार्दुच्या माथ्यावर तो येऊन बसे तिथे आता त्याच्या ओळींची फरशी आहे. काकांचा चेहरा वांगी झाला तो याच चढावर. वर पोचल्यावर खोरं एकदम उलगडतं आणि सगळे फोन बाहेर काढतात. मीही काढला. पण माझं मत विचाराल तर दोरो वरून बघण्यापेक्षा मधून बघावी. वरून ती फार सुबक दिसते.

भरलेले पीपे नदीने पोर्तोला जात. ‘राबेलु’ नावाची सपाट बुडाची नाव, मागे लांबच लांब सुकाणू, आणि ते धरणारा तांडेल पीप्यांच्या वर बांधलेल्या माचावर उभा. खाली जाताना खळाळांतून जीव मुठीत धरून, वर येताना काठावरून बैलांनी दोर ओढत. 1880च्या दशकात रेल्वे आली आणि नावांचा धंदा बसत गेला, 1960च्या दशकात संपला. 1970-80च्या दशकांत पाच धरणं झाली आणि नदीचीच तळी झाली. आज त्यावरून तीनमजली क्रूझ बोटी जातात. बोटीवर राहायचं, बोटीवर खायचं, दुपारी बसने एखाद्या किंतात तासभर उतरून पुन्हा बोटीवर. गावात खर्च होतो तो कॉफीचा. पायी येणारे संख्येने किरकोळ, पण ते गावातली भाकरी खातात, गावात झोपतात. फावायुशसारख्या गावात, जिथे चार टोकं असलेला पाव अजून लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि मोस्कातेल नावाची गोड सोनेरी वाईन करतात, बेकरीवाल्या बाईला हा फरक बरोबर माहीत आहे. शाकाहाऱ्यांनी इथे पाव, चीज, ऑलिव्ह, बदाम यांच्यावर गुजराण करायची. सूप दिसायला हिरवंगार पालेभाजीचं असतं, तळाशी सॉसेजची चकती निघते.

वालेइराच्या घळीवर सांव साल्व्हादोर दु मुंदु हे देऊळ आहे. तिथून खाली पाहिलं तर धरणाचं निवांत पाणी. पूर्वी इथे भयंकर खळाळ होता. अठराव्या शतकाच्या शेवटी सुरुंग लावून खडक फोडला तेव्हा कुठे नावा पुढे जाऊ लागल्या. 12 मे 1861 रोजी इथेच जोसेफ फॉरेस्टर बुडाला. इंग्रज व्यापारी, पण सगळं आयुष्य या नदीला वाहिलेलं. दोरोचा पहिला तपशीलवार नकाशा त्याचा, 1848चा. वाईनमध्ये स्पिरिट ओतायला त्याचा सक्त विरोध होता, त्यापायी स्वतःच्याच धंदेवाल्यांशी त्याने वैर घेतलं. पोर्तुगालच्या राजाने त्याला बॅरन केलं. नाव उलटली तेव्हा कमरेच्या पट्ट्यातल्या सोन्याच्या नाण्यांनी त्याला तळाशी ओढलं म्हणतात. त्याच नावेत दोना आंतोनिया फरेरा होत्या, खोऱ्यातल्या सगळ्यांत मोठ्या मळेवाल्या. त्या वाचल्या, आणि घागऱ्याच्या फुगाऱ्याने त्यांना तरंगत ठेवलं अशी कथा आहे. खरं काय ते नदीला ठाऊक. पण खोऱ्यातल्या माणसांना ही गोष्ट सांगायला फार आवडते, आणि सांगताना ती सोन्याचं वजन वाढवत नेतात.

माहितीपत्रकात या सहलींची जाहिरात ‘शांत ग्रामीण परिसर’ अशी असते. ती शांतता खरीच आहे. एका वाडीत दुपारी तीन वाजता फक्त कोंबडे बोलत होते. दहा घरांतली सात बंद, दारांना साखळ्या. पण ही शांतता जंगलाची नाही, उठून गेलेल्या माणसांची आहे. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत, विशेषतः 1960च्या दशकात, पोर्तुगालच्या अंतर्भागातून लाखो लोक फ्रान्सला गेले, कितीतरी कागदपत्रांशिवाय, पिरेनीज पर्वत चोरून ओलांडून. ते ऑगस्टमध्ये येतात, घराला रंग देतात, लग्नं उरकतात, परत जातात. सप्टेंबरात चालणाऱ्याला दिसते ती बंद दारं.

जे राहिले त्यांचं द्राक्षांवर भागत नाही. हे नाशिकच्या बागायतदाराला समजावून सांगायला नको. 2008-09च्या मंदीनंतर वाइनरींनी हात आखडले तेव्हा तिथेही अनेकांनी वाईनचे वेल उपटून टाकले होते. दोरोत प्रत्येक शेताला त्याची उंची, उतार, माती, वेलांचं वय पाहून ‘अ’पासून ‘फ’पर्यंत प्रत दिलेली असते, आणि दरवर्षी किती पोर्ट करायची याचा एकूण आकडा ठरतो. त्याला ‘बेनेफीसियु’ म्हणतात. त्यातला आपल्या वाट्याचा हिस्सा चांगल्या भावाने जातो, बाकीची द्राक्षं साध्या वाईनला, मिळेल त्या भावाने. जगात पोर्ट पिणारे कमी होत चाललेत. 2023मध्ये 1,04,000 पीप्यांवर असलेला हा आकडा 2025मध्ये 75,000 पीप्यांवर आला. साध्या वाईनच्या द्राक्षांना मिळणाऱ्या भावात तोडणीची मजुरीही निघत नाही. उघड उघड आतबट्ट्याचा व्यवहार.

इथे पायी सहलींचा धागा जुळतो. 1986पर्यंत पोर्टची निर्यात पोर्तोसमोरच्या व्हिला नोव्हा द गाया इथल्या वखारींतूनच व्हायची. तो नियम सुटला आणि किंतांना स्वतःच्या नावाने बाटली विकता येऊ लागली. बाटली विकायची तर गिऱ्हाईक दारी यायला हवं, दारी आलं तर खोली हवी, खोली आहे तर त्याला दिवसभर काय दाखवायचं? मग मजुरांच्या वाटांवरचं गवत काढलं गेलं. काही मोठ्या किंतांत आता पाहुण्यांपासून मिळणारा पैसा वाईनच्या पैशाच्या खांद्याला खांदा लावून चालतो, असं गाइड सांगत होती. लहान शेतकऱ्याकडे मात्र ना तळघर, ना खोल्या. त्याच्या वाट्याला या धंद्यातलं आलंच, तर आमच्या गाइडसारखी घरातल्या एखाद्या मुलीची नोकरी.

आणि तोडणी कोण करतं? साब्रोझाच्या रस्त्यावर सकाळी कंत्राटदाराची पांढरी व्हॅन थांबलेली दिसली. उतरणाऱ्यांत दोघे-तिघे पंजाबी, बाकी नेपाळी. हिंदी ऐकून एक तिशीतला पोरगा पुढे आला. आधी दक्षिणेत रासबेरीच्या प्लास्टिकच्या मंडपांत होता, आता तोडणीपुरता इकडे. “आप लोग पैदल क्यूँ जा रहे हो? गाड़ी ख़राब हो गई?” त्याने खरंच काळजीने विचारलं. काकांनी त्याला सांगितलं की आम्ही हौसेने चालतोय. त्याने मान डोलावली, आणि लगेच मुद्द्यावर आला. सामानाची व्हॅन चालवायला या लोकांना माणूस लागतो का? लायसन आहे. गाइडने कंपनीच्या कचेरीचा पत्ता कागदावर लिहून दिला. टोळीच्या पुढाऱ्याने हाक मारली तसा तो क्रेट उचलून ओळीत गेला. टोपल्या गेल्या, आता वीस-पंचवीस किलोचे प्लास्टिकचे क्रेट आहेत. वाहायचं मात्र अजून पाठीनेच, कारण जुन्या पायऱ्यांवर ट्रॅक्टर जात नाही.

सहलीच्या शेवटाकडे मोकळा म्हणून ठेवलेला एक दिवस होता. कोणी कोआ खोऱ्यातली अश्मयुगीन खोदचित्रं बघायला गेले, ज्यांच्यासाठी 1990च्या दशकात अर्धवट बांधलेलं धरण सोडून द्यावं लागलं. कोणी पोसिन्युपर्यंत रेल्वेने, जिथे रूळ संपतात. पुढचा बार्का द’आल्वापर्यंतचा फाटा 1988मध्ये बंद झाला. आम्ही चौघे गाइडच्या वडिलांच्या मळ्यावर गेलो. हल्ली तोडणीचा ‘अनुभव’ घ्यायला पाहुणे पैसे देतात, हे तिने घरी सांगितलं होतं. पंच्याहत्तरी पार केलेल्या त्या गृहस्थांना ते पटलेलं दिसत नव्हतं. तरी त्यांनी आम्हांला दोन ओळी दिल्या. जुने वेल, पाच-सहा जाती एकत्र लावलेल्या. कुठला घड निळा, कुठला काळा, कुठला अजून तांबूस. तांबूस सोडायचा. पानाआड लपलेला घड आधी हाताने चाचपायचा, मग देठाशी कात्री. सांगितलं एवढंच.

आम्ही पुढे गेलो की ते मागून येत आणि आमचे राहिलेले घड काढत. बरेच निघाले. क्रेट भरला तसा काकांनी तो उचलायला हात घातला. म्हातारबा दोन ओळी पलीकडून ओरडले. ते काय म्हणाले ते मुलीने जरा सौम्य करूनच आम्हांला सांगितलं असावं: कापायला हरकत नाही, पण क्रेट कोणी उचलायचा नाही, पायऱ्या निसरड्या आहेत आणि त्यातला माल विकलेला आहे. मग त्यांनी स्वतः क्रेट खांद्यावर टाकला आणि त्या एका पावलाच्या दगडांवरून, भिंतीला हात न लावता, खाली उतरले.

जेवताना मी विचारलं, हा मळा पुढे ठेवणार का. मुलीने भाषांतर करायच्या आधीच त्यांना कळलं होतं. वरच्या दोन पायऱ्यांना ‘ब’ प्रत आहे, त्या राहतील. खालच्यांचं पुढच्या उन्हाळ्यात बेनेफीसियुचा आकडा लागला की बघू, म्हणाले, आणि आमच्यापुढचा पाव चिरायला घेतला.